झटक्यानंतरचा व्यायाम : थोडा दवाखान्यात, बाकी घरी

अल्लाहच्या मेहरबानीने अब्बा हृदयविकाराच्या झटक्यातून वाचून घरी येतात आणि आपण त्यांना खाटेवरून हलू देत नाही. मालवण किनाऱ्यावर याच्या उलटही घडते. पंधराव्या दिवशी माणूस होडी ओढायला किनाऱ्यावर हजर! दोन्ही गोष्टी घातकच.

झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. मात्र त्याची सुरुवात जाणकारांच्या नजरेखाली व्हावी. सहा मिनिटांत किती चालता येते ते दवाखान्यात मोजतात, नाडी व रक्तदाब पाहतात आणि व्यायामाची मर्यादा ठरवून देतात. पण देवबाग-आचऱ्याहून ओरोस किंवा बांबोळी रोज गाठणे कोणाला परवडणार? म्हणून मोजक्या खेपा दवाखान्यात आणि बाकी सराव घरी, अशी सांगड घालावी.

आपल्या देशात 24 रुग्णालयांतील 3,959 रुग्णांवर 'योग-केअर' हा अभ्यास झाला. 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात 12 आठवड्यांत 13 सत्रे शिक्षकासमोर आणि बाकी सराव घरी होता. असे रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. पुन्हा झटका टळतो, असे मात्र सिद्ध झाले नाही. तेव्हा औषधे सुटता कामा नयेत.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी. वाळूत श्रम वाढतात, म्हणून सुरुवातीला वाळू टाळावी. जेवल्यावर तासभर थांबावे. चालताना बोलता आले पाहिजे, वाक्य तुटले तर वेग कमी करावा. बायपासनंतर छातीचे हाड जुळेपर्यंत विहिरीवरून कळशी उचलू नये. रोजची मिनिटे वहीत लिहून पुढच्या खेपेला दाखवावीत. छातीत दाब, चक्कर किंवा थंड घाम जाणवला तर तिथेच बसावे आणि 108 ला फोन करावा.

मशिदीपर्यंतचे चालणेही हिशेबात धरावे. सजद्याला वाकणे जड जात असेल, तर खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची सवलत आहेच.

आणि झटका अम्मीला आला असेल तर? 'घरकाम करते, तोच तिचा व्यायाम' असे म्हणून आपण मोकळे होतो. घरकामात दमणूक असते, पण ठरवून दिलेला व्यायाम नसतो. तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार आणि त्या दिवशी चूल कोण सांभाळणार, हे आजच घरात ठरवू या.