ऐकायला कोणी नसलं तरी

"ऐकायला चार टाळकी नसताना रोज संध्याकाळी गायचं कशाला?" इंग्लंडातल्या कॅथीड्रलांमधल्या ईव्हनसाँगबद्दल, म्हणजे गाऊन केल्या जाणाऱ्या सायंप्रार्थनेबद्दल, हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न अगदीच फुकाचा नाही. मुलांना शिकवायचं, मोठ्या गायकांना पगार द्यायचे, ऑर्गनची निगा राखायची, सगळ्याला पैसा लागतो. तरी माझं मत विचाराल तर, गायलाच हवं.

मी ख्रिस्ती नाही. इंग्लंडात राहायला आल्यापासून जातो, ते ऐकायला. तिकीट नाही, टाळ्या नाहीत. उठायच्या वेळी उठायचं, बसायच्या वेळी बसायचं, बाकी बराच वेळ गप्प. गाणारे दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात, तोंडं एकमेकांकडे, आपल्याकडे नव्हे. हे गाणं आपल्यासाठी नाहीच, आपण नसतो तरी झालंच असतं, हे तिथे कळतं. आणि मला त्यात अपमान नाही, दिलासा वाटतो. घरात पाहुणे नाहीत म्हणून कोणी सांजवात लावायची राहतं का?

मुळात ही रचनाच रोजची आहे. १५४९ साली थॉमस क्रॅनमरने व्हेस्पर्स आणि कॉम्प्लिन या दोन लॅटिन प्रार्थना एकत्र करून इंग्रजीत आणल्या. म्हणून मरीयेचं गीत आणि म्हाताऱ्या शिमोनाचं गीत एकाच संध्याकाळी येतात. बायबलमधली १५० स्तोत्रंही महिन्याच्या सकाळ-संध्याकाळींत वाटून दिलेली. आठवड्यातून एकदा छानशी मैफल केली तर सूर राहतील, पण हे चक्र जाईल.

आणि एकदा थांबलेलं पैसे ओतून लगेच सुरू होत नाही. १६४५ मध्ये संसदेने ते प्रार्थनापुस्तक बंद केलं. १६६० मध्ये राजेशाही परतली, तेव्हा शिकलेली मुलंच नव्हती. राजाच्या चॅपलमध्ये वरच्या पट्टीतले सूर वर्षभराहून जास्त काळ कॉर्नेट नावाच्या फुंकवाद्यावर आणि पुरुषांच्या खोट्या आवाजावर भागवावे लागले, असं संगीतकार मॅथ्यू लॉकने लिहून ठेवलंय.

रियाझ असा बाजारात विकत मिळत नाही हो. तेव्हा बाकांवरची डोकी मोजून निर्णय घेऊ नयेत, एवढंच म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?