यंत्र महाग नको, हक्काचे हवे

दहावी-बारावीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत घरोघर एकच विषय निघतो. पोराला किंवा पोरीला कॉम्प्युटरकडे वळवायचे आहे, प्रोग्रामिंग शिकवायचे आहे, तर काय घ्यावे आणि कुठे घालावे? सल्ला द्यायला माणसे कमी नसतात. दुकानदार म्हणतो, साठ-सत्तर हजारांच्या खालचा लॅपटॉप बघूच नका. पुण्यात शिकणारा नातेवाईक म्हणतो, इथे राहून काही व्हायचे नाही, क्लास पुण्यातच लावा. शेजारचे गुरुजी म्हणतात, आधी इंग्रजी पक्के करा. दुसरा कोणी म्हणतो, हातात मोबाईल आहे, यूट्यूब आहे, वेगळा खर्च कशाला? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी एक मत रूढ झाले आहे: आता एआय प्रोग्राम लिहून देतो, मग शिकायचेच कशाला?

हे सल्ले चांगल्या मनाने दिले जातात, हे मान्य. पण त्यांमुळे या जिल्ह्याचे नुकसान होते आहे, म्हणून ते एकेक करून तपासले पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच आहे: प्रोग्रामिंग शिकायला महागडे यंत्र लागत नाही; पण शिकणाऱ्याच्या हक्काचे यंत्र मात्र लागतेच. पहिल्या गोष्टीवर विश्वास बसला तर पालकांच्या डोक्यावरचे कर्ज टळेल. दुसरी पटली तर शाळा, महाविद्यालये आणि जिल्हा परिषद यांना आपली जबाबदारी टाळता येणार नाही.

आधी महागड्या यंत्राचा दावा घेऊ. लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली ती 386 जातीच्या पीसीवर, 4 एमबी रॅमवर. आज साध्यातल्या साध्या 8 जीबीच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या दोन हजार पट रॅम असते. जगभरातले बहुतेक सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात तिचा जन्म एवढ्या तुटपुंज्या यंत्रावर झाला असेल, तर बारावीच्या मुलाला बेरीज-वजाबाकीचा प्रोग्राम लिहायला सत्तर हजारांचे यंत्र लागते, हे म्हणणे टिकत नाही. नवशिक्याला लागतो एक साधा एडिटर आणि भाषा चालवणारा कंपायलर किंवा इंटरप्रिटर. पायथन फुकट आहे, सीचा जीसीसी कंपायलर फुकट आहे, थॉनी आणि जिनीसारखे हलके एडिटर फुकट आहेत, आणि लिनक्स मिंट 4 जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावरही नीट चालतो.

जुन्या यंत्राचा उल्लेख सहज केलेला नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 ला चालत नाहीत. त्यामुळे कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले, पण अंगाने मजबूत असलेले लॅपटॉप सेकंडहँड बाजारात येत आहेत. लिनक्स घातला की हीच यंत्रे शिकणाऱ्याला पुढची काही वर्षे सहज साथ देतात. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. रॅम 8 जीबी असावी. हार्डडिस्कऐवजी एसएसडी असावी; जुने यंत्र संथ वाटण्याचे मोठे कारण बहुतेक वेळा हार्डडिस्कच असते. कीबोर्डचे प्रत्येक बटण दाबून पाहावे. आणि बॅटरी नवी टाकून घ्यावी, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि डेस्कटॉप त्या क्षणी बंद पडतो. अँड्रॉइड स्टुडिओसारखे जड सॉफ्टवेअर चालवायचे असेल तर जास्त रॅम लागते, हे खरे. पण ती वेळ शिकायला लागल्याच्या पहिल्या वर्षी येत नाही. मशीन लर्निंगची हौस असेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून दूरचे ताकदवान यंत्र मर्यादित काळ फुकट वापरता येते.

यंत्र जुने चालते, म्हणून साधनही जुने चालते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत आजही सी आणि सी++ टर्बोच्या निळ्या पडद्यावर शिकवतात. बोरलँडचे टर्बो सी++ 1990 चे. सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले 1998 मध्ये. म्हणजे भाषेचे नियम पक्के होण्याआधीचे साधन आपण विद्यार्थ्यांच्या हातात देतो, आणि आजच्या विंडोजवर ते सरळ चालत नाही म्हणून डॉसबॉक्सच्या आत बसवून चालवतो. "मूळ कल्पना त्याच आहेत, काय बिघडते?" असा यावर प्राध्यापकांचा आक्षेप असतो. काय बिघडते ते या जिल्ह्यातल्याच हिशेबावर पाहू.

एका कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या एका जोडप्याने, हंगामात 200 टन ऊस तोडला. हिशेबाच्या सोयीसाठी टनाचा दर 250 रुपये धरू. मजुरी झाली 50,000 रुपये. हाच गुणाकार टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाच्या चलांत, म्हणजे 'इंट' प्रकारात, करून पडद्यावर छापा. उत्तर येते उणे 15,536. टर्बो सीचा इंट 16 बिटांचा. त्यात 32,767 च्या पुढची संख्या मावत नाही, ती उलटून ऋण बाजूला जाते. सहा महिने राबलेल्या जोडप्याच्याच अंगावर पंधरा हजारांची बाकी निघते! हाच प्रोग्राम जीसीसीवर चालवला तर 50,000 हेच उत्तर येते, कारण तिथे इंट 32 बिटांचा आहे. पायथनमध्ये तर पूर्णांकाला अशी ठरावीक मर्यादाच नाही. इंटला मर्यादा का असते, हे विद्यार्थ्याला जरूर शिकवावे. पण मर्यादा समजावून सांगणे वेगळे आणि कालबाह्य साधनाची मर्यादा त्याच्या गळ्यात बांधणे वेगळे. ज्यांना आजही तीच खोली आणि तीच यंत्रे वापरायची आहेत, त्यांना जीसीसी आणि जिनी बसवायला एक दुपार पुरते, पैसा लागत नाही.

मग पहिली भाषा कोणती, पायथन, सी की जावा? या वादात मुलांचे महिनेच्या महिने जातात. एकट्याने शिकणाऱ्याने पायथनपासून सुरुवात करावी, कारण त्यात विधी कमी आणि विचार जास्त असतो. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात सी असेल तर सी घ्यावी, पण आजच्या कंपायलरवर. आणि घेतली ती एक भाषा वर्षभर सोडू नये. भाषा बदलत राहणाऱ्याला दहा भाषांत पहिला धडा येतो आणि एकाही भाषेत पूर्ण प्रोग्राम येत नाही.

आता इंग्रजीचा अडसर. सी भाषेच्या पहिल्या प्रमाणात राखीव शब्द 32, आजच्या पायथनमध्ये पस्तीसच्या आसपास. एवढे शब्द पाठ व्हायला इंग्रजी माध्यम लागत नाही. पायथन 3 मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात. टन आणि दर यांना आधी किंमत देऊन 'मजुरी = टन * दर' ही ओळ जशीच्या तशी लिहा, ती चालते. वापरणाऱ्याने '५००' असा देवनागरी आकडा टाइप केला, तरी पायथनचे इंट हे फंक्शन त्याला पाचशे म्हणूनच वाचते. चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत येतो आणि पुढे दस्तऐवज इंग्रजीतच वाचावे लागतात, हे मी नाकारत नाही. त्यासाठी लागणारे इंग्रजी मात्र प्रोग्रामिंग करता करताच येते. ते आधी यावे ही अट घातली तर गावाकडच्या निम्म्या मुलांना आपण दारातूनच परत पाठवतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने सी, पायथन, जावा, लिनक्स यांचे छोटे छोटे धडे मराठीतूनही दिले आहेत. ते फुकट आहेत, उतरवून घेता येतात, इंटरनेट नसले तरी पाहता येतात. शिक्षकांनीच ते वर्गात लावायला सुरुवात करावी.

पुण्याशिवाय जमत नाही, या मताला या जिल्ह्यानेच उत्तर दिले आहे. आष्टी तालुक्यातल्या दादासाहेब भगत यांची गोष्ट महाराष्ट्राने ऐकली आहे. आयटीआय केलेला हा तरुण इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉय म्हणून लागला, काम सांभाळून ग्राफिक्स शिकला, पुढे पायथन आणि सी++ शिकला, आणि टाळेबंदीत गावी परतल्यावर मित्रांसह गुरांच्या गोठ्यात बसून डिझाइनचे सॉफ्टवेअर उभे करत राहिला. त्याचे डूग्राफिक्स शार्क टँक इंडियाच्या तिसऱ्या पर्वात देशभर दिसले. बीडला अहिल्यानगरहून रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला. गोठ्यातला हा उद्योग त्याच्या कितीतरी आधीचा. जिल्ह्याचे मागासपण प्रोग्राम लिहिणाऱ्याला अडवू शकत नाही, याला आणखी पुरावा नको.

मात्र या गोष्टीचा सर्रास चुकीचा अर्थ काढला जातो. "जिद्द असली की सगळे होते, सोयी कशाला?" असे भाषणांतून सांगितले जाते. मला हे अजिबात मान्य नाही. भगत यांच्या जिद्दीला वळण मिळाले ते संगणकांनी भरलेल्या इमारतीत काम मिळाल्यावर. पडद्यावर काय घडते ते रोज डोळ्यांसमोर होते, विचारायला माणसे होती. अशी संधी बीडच्या प्रत्येक मुलाला ऑफिसबॉय झाल्यावरच मिळावी काय? एकाची जिद्द बाकीच्यांच्या गैरसोयीचे समर्थन म्हणून वापरणे हा त्या माणसाचाही अपमान आहे.

इथेच 'मोबाईल पुरे' हे मत उभे राहते आणि ते सगळ्यांत घातक आहे, कारण ते स्वस्त वाटते. मोबाईलवर पायथन चालवणारी अॅप आहेत. एखादा चिकाटीचा मुलगा त्यावर चार धडे गिरवतोही. पण प्रोग्रामिंग हे लिहिण्याचे काम आहे. शंभर ओळी डोळ्यांसमोर ठेवून त्यातली चूक शोधायची, एका बाजूला संदेश वाचायचा, दुसऱ्या बाजूला दुरुस्ती करायची, हे बोटभर पडद्यावर होत नाही. मोबाईलवर मूल व्हिडिओ पाहते आणि आपल्याला येते असे समजते. कीबोर्डवर बसले की कळते, काही आलेले नाही. शिवाय घरातला मोबाईल बहुधा वडिलांचा असतो, आणि दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीच्या फडावर गेले की तोही सोबत जातो. उपाशी माणसाला जेवणाचा फोटो दाखवावा, तसे हे शिक्षण आहे.

शेवटचा आक्षेप एआयचा. एआय प्रोग्राम लिहून देतो, हे खरेच आहे, आणि ज्याला लिहिता येते त्याने तो जरूर वापरावा. पण वरचाच ऊसतोडीचा हिशेब त्याला सांगून पाहा. खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दिवस, कसा धरायचा, मुकादमाचे कमिशन कोणाच्या खात्यातून, उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेची, उरलेली बाकी पुढच्या हंगामात कशी ओढायची, हे त्याला नेमके सांगावे लागते. आणि आलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे तपासणारा माणूस लागतो. उणे 15,536 पाहून ज्याला शंका येत नाही, त्याच्या हाती एआय देणे म्हणजे चूक अधिक वेगाने पसरवणे. ऊसतोडीचा व्यवहार ज्याने घरात पाहिला आहे आणि ज्याला प्रोग्राम वाचता येतो, असा माणूस या जिल्ह्याला हवा आहे. तो बाहेरून येणार नाही.

तेव्हा करायचे काय, ते स्पष्ट सांगतो. पालकांनी कर्ज काढून नवा लॅपटॉप घेऊ नये. पाहून-तपासून घेतलेला जुना लॅपटॉप पुरेसा आहे, फक्त तो मुलाच्या एकट्याच्या नावचा असावा. फीचे हप्ते पाडून नोकरीची हमी देणाऱ्या क्लासात पैसे भरण्याआधी मुलाने फुकटच्या साधनांवर एक पूर्ण प्रोग्राम स्वतः लिहून दाखवावा, मग ठरवावे. ज्यांना जुनाही परवडत नाही, त्यांच्यासाठी यंत्रे जिल्ह्यात आहेत. ती शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहेत आणि तास संपला की कुलूपबंद होतात. ती सायंकाळी उघडी ठेवावीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालतात, तिथे चार-पाच जुनी यंत्रे, लिनक्स आणि मराठी धड्यांचा एक पेनड्राइव्ह ठेवावा.

अंबाजोगाईत इंजिनिअरिंग कॉलेज आणि पॉलिटेक्निक आहेत. तिथले विद्यार्थी आठवड्यातून एक संध्याकाळ शाळकरी मुलांना शिकवू शकतात; शिकवणारा दुप्पट शिकतो. संस्थाचालकांनो, मुख्याध्यापकांनो, यासाठी नवा निधी आणि नवी योजना येण्याची वाट पाहू नका. किल्ली तुमच्याच टेबलाच्या खणात आहे. या सोमवारपासून प्रयोगशाळा संध्याकाळी आठपर्यंत उघडी ठेवा, आणि आत बसणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र कीबोर्ड द्या.