'ढ' कोणाला म्हणायचे? चांदा-गडचिरोलीच्या शाळा आणि डिस्लेक्सिया

१/ वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत 'ढ' म्हणतात. त्याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची रूपे पालटली, 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. ही व्युत्पत्ती रचलेलीही असेल. लिपीविषयीचे निरीक्षण मात्र खोटे नाही. अक्षरांचे पालटणे पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकची शिला पाहावी. तिच्यावर एक प्राचीन ब्राह्मी लेख आहे आणि वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या काळातील दुसराही.

२/ मुद्दा त्या शिव्येचा आहे. डिस्लेक्सिया म्हणजे पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतला नवा लाड, असे आजही ठामपणे सांगितले जाते. हे विधान इतिहासापुढे टिकत नाही. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ मध्ये जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन याने रूढ केला, तोही मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी.

३/ मुलांचा प्रश्न पुढे आला १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग शिरला त्याच वर्षी. ससेक्समधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख होता, अंक त्याला अडत नसत. परंतु स्वतःचे नाव लिहिताना त्याच्या हातून अक्षरांची अदलाबदल होई आणि ती त्याच्या ध्यानातही येत नसे. सारे शिक्षण तोंडी असते तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाला जे दिसले, ते आजच्या अनेकांना दिसत नाही.

४/ 'देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, मग अडचण कसली?' हा दुसरा युक्तिवाद. दोष डोळ्यांचा नसतो; शब्दातील ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जुळवणे मेंदूला जड जाते. नियमित लिपीत चुका कमी होतात, पण वाचन संथ, धापा टाकत होते. जोडाक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घ यांचा जाच वेगळाच.

५/ १९९५ च्या केंद्रीय अपंगत्व कायद्यात या मुलांना स्थान नव्हते. महाराष्ट्राने १९९६ पासून त्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, आणि देशात ते पहिले पाऊल होते. कायद्याच्या यादीत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली ती २०१६ मध्ये. ('अक्षमता' हा शब्द कायद्याला लागतो, कारण हक्क त्यालाच चिकटतात. वर्गात त्याची गरज नाही. तिथे 'शिकण्याची वेगळी रीत' म्हटले तरी पुरते.)

६/ आता भामरागड, एटापल्ली, धानोरा. इथल्या कित्येक घरांत माडिया किंवा गोंडी बोलतात. या भाषा द्राविड कुळातल्या. शाळेची मराठी दुसऱ्या कुळातली. पहिलीतले मूल मराठी वाचत नाही, तेव्हा त्याला वाचता येत नाही की त्याला मराठीच येत नाही? हा प्रश्न न विचारताच पूर्वी 'ढ' हा शिक्का बसे. शहरात शिकलेला नवा कल त्याच जागी 'एलडी' म्हणतो. शिक्का बदलला, आळस तोच.

७/ भेद करता येतो. ज्या मुलाची अडचण केवळ परक्या भाषेची आहे, ते गोंडीतल्या शब्दाचे ध्वनी सहज सुटे करते, यमक ओळखते, आणि भाषा अंगवळणी पडली की वेग धरते. डिस्लेक्सिया असलेले मूल स्वतःच्या भाषेतही तिथेच अडते. म्हणून तपासणी मुलाच्या भाषेत झाली पाहिजे. ती मराठीत झाली तर निरोगी मूल अक्षम ठरेल आणि खरोखर अडलेले मूल 'आदिवासी आहे, चालायचेच' म्हणून सुटून जाईल. यांतला दुसरा अन्याय अधिक क्रूर आहे, कारण तो कोणाच्या नोंदीतही येत नाही.

८/ 'मग काय सगळ्यांनाच प्रमाणपत्र?' असे विचारणाऱ्यांनी नकाशा पाहावा. भामरागड ते गडचिरोली हे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. मजुरी बुडवून तेवढी वाट तुडवणारा बाप सवलत लाटायला निघालेला नसतो.

९/ मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली, ती आरंभी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत. त्यांत गोंडी नव्हती. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने मात्र २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गोंडीत वाचताना कोण अडते, हे पाहण्याची सोय निदान तिथे आहे.