दंड भरला म्हणजे निलंबन संपत नाही

मा. संपादक,

निलंबित परवान्यावर गाडी चालवणाऱ्याला कोर्टात उभे करणे हा जुलूम असल्याचे मत आपण छापले. त्याचा पायाच चुकीचा आहे. ‘दंड भरला की विषय मिटला’ असे मोटार वाहन कायदा म्हणत नाही. २०१९च्या दुरुस्तीने कलम २००मध्ये उलटेच लिहिले आहे: तडजोडीचा दंड भरला तरी परवान्यावरची कारवाई टळत नाही.

निलंबन एका रात्रीत होते, हेही अर्धसत्यच. कलम १९नुसार आधी म्हणणे ऐकून कारणांसह आदेश द्यावा लागतो. त्यावर ३० दिवसांत अपील करता येते. नोटीस फ्रिजवर ठेवून नांदेड-लातूर रस्त्यावर गाडी पळवायची, आणि लोह्याजवळ अडवले की गरिबीचे कारण पुढे करायचे? अशा चालकाला कलम १८२खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पोटासाठी गाडी लागते, हे मान्य. पण अपिलाची सोय त्याचसाठी आहे.

लेखकाने विम्याचा तर उल्लेखच टाळला. अपात्र चालकाच्या हातून अपघात झाल्यास विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्याचा बचाव कायद्यानेच दिला आहे. मग भरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. कारण दुचाकीवरच्या ‘ट्रिपल सीट’लाही तीन महिन्यांची अपात्रता आहे.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, लातूर