पेन्शन विधवेचीच



कोरडवाहू कापूस-ज्वारीत भागत नाही म्हणून आपली पोरं जिनिंगात, गिरणीत लागतात. त्यातला कुणी नोकरीत असताना वारला, तर 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेप्रमाणे एकाच महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेचा हक्क उभा राहतो.

पण तेरावं उरकत नाही तोच भाऊबंद कागद काढतात: मयतानं लिहून दिलंय, पैसा भावाला. रेल्वेतल्या एका नोकराच्या विधवेला याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 1991 साली निकाल लागला. कुटुंब पेन्शन ही मयताची इस्टेट नव्हे, मृत्युपत्रानं ती दुसऱ्याला देता येत नाही.

दुसऱ्या बायकोचं दुखणं वेगळं. पहिली हयात असता दुसरीला पेन्शन नाही, तिच्या लेकरांना सज्ञान होईस्तोवर आहे, असं त्याच न्यायालयानं 2000 साली बिहारच्या प्रकरणात ठरवलं. कायदा बरोबर असेल. पण फसवणारा सुटला आणि फसलेली उघड्यावर आली, हे आम्हाला पटत नाही.

लक्ष्मीमुक्तीत आपण सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं. पोराच्या पीएफच्या कागदावर सुनेचं नाव आहे का, हे किती सासऱ्यांनी पाहिलं? लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. ती करून घ्या, दाखला पेटीत ठेवा.