‘क्रेट’चे एंजिन

१९४२ च्या आरंभी, जपानी सेना सिंगापूरच्या दाराशी येऊन ठेपली असता, ‘कोफुकू मारू’ ही जप्त केलेली जपानी मच्छीमार नौका निर्वासितांना सुरक्षित स्थळी पोहोचवून, हिंदुस्थानमार्गे ऑस्ट्रेलियास गेली आणि पुढे ‘क्रेट’ हे नाव धारण करून, शत्रूचाच ध्वज फडकवीत, सप्टेंबर १९४३ मध्ये सिंगापूरच्या समुद्रात पुन्हा शिरली. तिने आणलेल्या तुकडीने २६ तारखेच्या रात्री लहान होड्यांतून बंदरात जाऊन गलबतांना सुरुंग लावले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु आरंभीचे एंजिन निकामी झाल्याने ही मोहीम महिनोन्‌महिने रखडली होती, आणि त्याच्या जागी बसविलेल्या गार्डनर ६ एलडब्ल्यू या डिझेल एंजिनानेच २ सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर एवढा प्रवास निभावला, याची नोंद क्वचितच घेतली जाते. आमच्या मते हा अन्याय आहे.

सुमारे १०८ मिलिमीटर व्यासाचे सहा सिलिंडर, तीन-तीनांचे दोन ओतीव ठोकळे आणि शंभरावर अश्वशक्ती, ही त्या जातीची लक्षणे. रंगाच्या थरांखाली ती लपतात. म्हणून अशा जुन्या एंजिनाच्या जीर्णोद्धाराचा आरंभ हातोड्याने नव्हे, तर मोजमापाने आणि दप्तराने व्हावा. १९६४ मध्ये लोकवर्गणीतून ऑस्ट्रेलियास परत आणलेली ‘क्रेट’ आज सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहे.

कोणा वाचकाच्या माहितीत एखादे जुने सागरी एंजिन असल्यास त्यावरील कारखान्याचा क्रमांक घासू नये. तो टिपून, छायाचित्रासह, आमच्याकडे अवश्य पाठवावा.