नायब, पण कोणाचा?

14 जुलै 2025 रोजी श्रीनगरच्या जुन्या शहरात एक माणूस कबरस्तानाच्या बंद फाटकावर चढला आणि पलीकडे उतरला. तो जम्मू-काश्मीरचा मुख्यमंत्री होता. 1931 साली श्रीनगरच्या तुरुंगाबाहेर डोगरा राजवटीच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या 22 जणांच्या कबरींवर फातेहा पढायला ओमर अब्दुल्ला निघाले होते. आदल्या दिवशी, म्हणजे 13 जुलैच्या स्मृतिदिनी, त्यांना घराबाहेर पडू दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते न सांगता गेले, तर पोलीस आडवे आले. जनतेने निवडून दिलेल्या मुख्यमंत्र्याला त्याच्याच राजधानीत पोलीस अडवू शकतात, कारण ते पोलीस त्याचे नाहीत. ते नायब राज्यपालांच्या हुकमतीखाली आहेत.

‘नायब’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्याला नायब तहसीलदार ठाऊक असतात आणि अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावात नायब सुभेदार. नायब तहसीलदारांच्या वर तहसीलदार असतो, नायब सुभेदारांच्या वर सुभेदार. नायब राज्यपालांच्या वर मात्र राज्यपाल नसतोच. घटनेच्या 239व्या कलमानुसार केंद्रशासित प्रदेशाचा कारभार राष्ट्रपती आपल्या प्रशासकामार्फत चालवतात. व्यवहारात याचा अर्थ एकच, केंद्रीय गृहमंत्रालय.

राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत राज्यपाल आपल्या राज्यात चौथ्या क्रमांकावर असतात, नायब राज्यपाल आपल्या प्रदेशात अकराव्या. मान कमी, पण अधिकार कितीतरी जास्त. हा उलटा हिशेब जुना आहे आणि तो कसा जमला हे पाहिल्याशिवाय आजचे भांडण कळत नाही.

दुरून चालणाऱ्या कारभाराचा पहिला अनुभव मुंबईनेच घेतला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेला होते आणि मुंबईवर तिथून हुकूम घेणारा डेप्युटी गव्हर्नर बसवलेला असे. कंपनीने खर्चाला कात्री लावली, शिपायांच्या पगाराला हात घातला, तेव्हा 1683च्या डिसेंबरात कॅप्टन रिचर्ड केग्विनने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद केले आणि जवळपास वर्षभर मुंबई इंग्लंडच्या राजाच्या नावाने चालवली. पुढे मुंबई इलाख्याला पूर्ण गव्हर्नर मिळाला. मुंबई आणि मद्रासचे गव्हर्नर बहुधा विलायतेतल्या राजकारणातून, उमराव घराण्यांतून येत आणि थेट लंडनशी पत्रव्यवहार करू शकत. उत्तरेत वेगळी तऱ्हा होती. 1836 साली वायव्य प्रांतांना, 1854 साली बंगालला आणि 1859 साली पंजाबला लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे नायब राज्यपाल, मिळाले. ही माणसे बहुतेक मुलकी सेवेत वर चढलेली, गव्हर्नर जनरलच्या तंत्राने चालणारी होती.

त्यांतल्या एकाचे नाव प्रत्येक भारतीयाला माहीत आहे. मायकेल ओडवायर 1913 ते 1919 पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या डायरने, पण त्याच्या कृत्याला तारेने संमती कळवली ओडवायरने. जनतेला त्याला एक प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. ती सोय नसणे हाच या पदाचा मूळ स्वभाव होता. 1919च्या सुधारणा कायद्यानंतर पंजाबसह मोठ्या प्रांतांना गव्हर्नर मिळाले आणि लेफ्टनंट गव्हर्नर हे पद मागे पडले.

स्वतंत्र भारताने ते पुन्हा बाहेर काढले. छोट्या, सरहद्दीवरच्या किंवा नव्याने सामील झालेल्या प्रदेशांसाठी ते सोयीचे वाटले. हिमाचल प्रदेश 1971 साली पूर्ण राज्य होईपर्यंत नायब राज्यपालांच्या हाताखाली होता. आणि एक गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. 16 जानेवारी 1956 रोजी पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा केली होती. मुंबईत रक्त सांडले, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला आणि तो बेत बारगळला. तो तडीस गेला असता तर गिरगाव-परळच्या माणसाने निवडून दिलेल्या प्रतिनिधींवर दिल्लीहून नेमलेला प्रशासक बसला असता. दिल्लीचा नागरिक गेली कित्येक वर्षे काय सोसतो आहे, हे समजायला मुंबईकराला यापेक्षा जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

दिल्लीला 1952 साली विधानसभा मिळाली होती, चौधरी ब्रह्मप्रकाश मुख्यमंत्री होते. 1956मध्ये ती गेली. 1966 साली तिच्या जागी महानगर परिषद आली, म्हणजे सल्ला देण्यापुरती सभा, आणि वर नायब राज्यपाल. या रचनेत काय घडू शकते, ते 25 जून 1975च्या रात्री दिसले. आणीबाणी पुकारली जात असताना बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. तो तोंडी हुकूम वीज संस्थेच्या प्रमुखांना नायब राज्यपाल किशनचंद यांच्याकडून गेल्याचे शहा आयोगापुढे आले. कागदावर काही नव्हते. शहराच्या छापखान्यांवर अंधार पाडायला ना विधानसभेची परवानगी लागली, ना मंत्रिमंडळाची, कारण दोन्ही नव्हतेच.

1991 साली 69व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला 70 जागांची विधानसभा परत मिळाली. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडे राहिली, बाकी कारभार निवडून आलेल्या सरकारकडे. देशाच्या राजधानीची सुरक्षा, परदेशी वकिलाती, संसद यांची जबाबदारी केंद्राकडेच असावी, हा युक्तिवाद रास्त आहे आणि घटनादुरुस्तीने तो मान्यही केला होता. वाद त्याच्या पलीकडचा आहे. शाळेतल्या शिक्षकाची नेमणूक, दवाखान्याची फाइल, सचिवाची बदली, यांचा संसदेच्या सुरक्षेशी काय संबंध?

पण त्याच घटनादुरुस्तीत एक पळवाट होती. मंत्रिमंडळाशी ‘कोणत्याही बाबतीत’ मतभेद झाल्यास नायब राज्यपालांनी प्रकरण राष्ट्रपतींकडे पाठवावे. या शब्दांचा अर्थ ‘प्रत्येक बाबतीत’ असा लावला गेला आणि फायली अडकल्या. 2018च्या जूनमध्ये मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल सहकाऱ्यांसह नायब राज्यपालांच्या निवासात नऊ दिवस धरणे धरून बसले. ते दृश्य कोणालाच शोभणारे नव्हते. पुढच्याच महिन्यात, 4 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की नायब राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत आणि मतभेदाचे हत्यार ऊठसूट उपसायचे नाही.

खरा निकाल अजून यायचा होता. 11 मे 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्लीतल्या अधिकाऱ्यांवर निवडून आलेल्या सरकारचा ताबा मान्य केला. महाराष्ट्राला ही तारीख दुसऱ्या कारणाने आठवते. त्याच दिवशी, त्याच पाच न्यायमूर्तींनी शिवसेनेच्या फुटीचा निकाल दिला आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बहुमत चाचणी बोलावण्यासाठी पुरेसा आधार नव्हता, असे स्पष्ट म्हटले. एका दिवसात दोन निकाल आणि दोन्हींचा रोख एकच होता. नेमलेल्या माणसाने निवडलेल्या माणसांच्या जागी बसू नये.

आठ दिवसांनी, 19 मे रोजी, केंद्राने वटहुकूम काढून दिल्लीचा तो निकाल निकामी केला. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. बदल्यांसाठी त्रिसदस्य प्राधिकरण बनले. मुख्यमंत्री अध्यक्ष, पण सोबत मुख्य सचिव आणि गृह खात्याचे प्रधान सचिव, आणि निर्णय बहुमताने. म्हणजे दोन अधिकारी मिळून मुख्यमंत्र्याला हरवू शकतात आणि तरीही मतभेद उरला तर अंतिम शब्द नायब राज्यपालांचा. त्याआधी, 2021च्या दुरुस्तीने दिल्लीच्या कायद्यांत ‘सरकार’ या शब्दाचा अर्थच ‘नायब राज्यपाल’ असा ठरवून टाकला होता. लोकशाहीत सरकार या शब्दाची अशी व्याख्या करणे चुकीचे आहे आणि ते चुकीचे आहे असे म्हणायला कोणत्याही पक्षाचे सदस्य असावे लागत नाही.

फेब्रुवारी 2025मध्ये दिल्लीत भाजपचे सरकार आले. राजधानीतली रोजची धुसफूस थांबली, तसे अनेकांनी प्रश्नच संपला असे मानले. पण कायदा तोच आहे. उद्या पुन्हा केंद्रात एक आणि दिल्लीत दुसरा पक्ष आला की तीच फाइल त्याच टेबलावर अडकेल. कोणतीही रचना सज्जनांच्या मेळाने चालते की नाही, यावर तिची परीक्षा होत नसते. विरोधक समोर असताना ती टिकते का, हे पाहायचे असते.

पुदुच्चेरीची कथा छोटी, पण तितकीच बोलकी आहे. 2017 साली केंद्राने तिथल्या 30 निर्वाचित जागांच्या विधानसभेवर आपले तीन सदस्य थेट नेमले. अध्यक्षांनी शपथ देण्याचे टाळले, तर नायब राज्यपाल किरण बेदी यांनी स्वतः दिली. सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्या नेमणुका वैध ठरवल्या. फेब्रुवारी 2021मध्ये आमदारांच्या राजीनाम्यांनी व्ही. नारायणसामी यांचे सरकार बहुमत चाचणीत कोसळले, तेव्हा त्या चाचणीत नेमलेल्या तीन सदस्यांनाही मताचा अधिकार होता. छोट्या विधानसभेत तीन मते म्हणजे सत्तेचा काटा.

जम्मू-काश्मीरची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे राज्याचा केंद्रशासित प्रदेश झाला, उलट नाही. 31 ऑक्टोबर 2019 रोजी राज्य मोडले आणि पहिले नायब राज्यपाल गिरीशचंद्र मुर्मू यांनी शपथ घेतली. 370व्या कलमाच्या खटल्यात राज्याचा दर्जा परत देऊ, असे केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले आणि डिसेंबर 2023च्या निकालात न्यायालयाने तो लवकरात लवकर द्यावा, असे म्हटले. पण निवडणुकीच्या तोंडावर, जुलै 2024मध्ये, गृहमंत्रालयाने नियम बदलून नायब राज्यपालांचे अधिकार वाढवले. पोलीस, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, लाचलुचपत प्रतिबंध, महाधिवक्त्याची नेमणूक, सगळ्या वाटा त्यांच्या टेबलावरून. निवडणुकीनंतर ऑक्टोबरमध्ये ओमर अब्दुल्लांच्या मंत्रिमंडळाने राज्याच्या दर्जासाठी ठराव केला. सरहद्द आहे, दहशतवाद आहे, पाकिस्तान आहे, हे कोणी नाकारत नाही. पंजाबचीही सरहद्द पाकिस्तानला लागते, पंजाबनेही दहशतवाद पाहिला, आणि पंजाबचा मुख्यमंत्री आपल्या पोलिसांना हुकूम देतो.

नायबपद सरसकट नको, असे या लेखाचे म्हणणे नाही. अंदमानसारख्या विधानसभा नसलेल्या प्रदेशात कोणीतरी प्रशासक लागणारच. संक्रमणाच्या काळात ते उपयोगीही पडते, हे गोव्याने दाखवले आहे. मुक्तीनंतर 1962पासून तिथे नायब राज्यपाल होते. 20 डिसेंबर 1963ला भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हा प्रश्न आला तेव्हा कौल निष्पक्ष व्हावा म्हणून 1966च्या डिसेंबरात बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि काही महिने कारभार नायब राज्यपाल के. आर. दामले यांच्याकडे गेला. 16 जानेवारी 1967च्या कौलात 34,021 मतांनी विलीनीकरणाचा पक्ष हरला. महाराष्ट्रातल्या अनेकांना तो निकाल लागला, पण मतदानाची तटस्थता जपली गेली. नंतर निवडणूक झाली, बांदोडकर परत आले. नायबाचे काम तेवढ्यापुरते होते आणि ते संपले.

विधानसभा असलेल्या प्रदेशात या पदाला हाच न्याय हवा. दिल्लीचे पोलीस आणि जमीन केंद्राने ठेवावी, पण अधिकाऱ्यांच्या बदल्या 11 मेच्या निकालाप्रमाणे मुख्यमंत्र्याकडे द्याव्यात. पुदुच्चेरीत केंद्राने आमदार नेमू नयेत. जम्मू-काश्मीरला दिलेला शब्द तारीख सांगून पाळावा. संसदेत साध्या बहुमताने ते होऊ शकते. संसदेतल्या मराठी खासदारांनी हा विषय काश्मीरचा किंवा दिल्लीचा म्हणून सोडून देऊ नये. 1956 साली मुंबईसाठी जे मागितले, तेच आज ते लोक मागत आहेत.

30 मे 1987 रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. दोना पावलाच्या काबो राजनिवासात नायब राज्यपाल गोपाल सिंग राहत होते. त्या दिवसापासून तिथेच गोव्याचे पहिले राज्यपाल गोपाल सिंग राहू लागले. मुख्यमंत्री प्रतापसिंह राणेही तेच होते. गोवा तेव्हापासून आपला कारभार आपण चालवतो आहे.